वजन भरलं, पण माल ओला: सीलिॲकच्या एका रुग्णाच्या हाडांची गोष्ट

पार्श्वभूमी

नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी आहारतज्ज्ञ, आणि या रुग्णाला इथे आबा म्हणू. आबा सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईदार आहेत. हळदीचा सौदा झाला की पोती काट्यावर चढवायची, वजन पुकारायचं, चिठ्ठी लिहायची. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे मटण-अंडं वर्ज्य. खिशात मात्र तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी.

२०२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा माझ्यासमोर बसले तेव्हा वय ४१, उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ४७ किलो. पॅंट कमरेला सुतळीनं बांधलेली. सहा-सात वर्षं पोट बिघडलेलं. कुणी आमांश म्हटलं, कुणी संग्रहणी. हिमोग्लोबिन ८.४. लोहाच्या गोळ्यांची पाकिटं रिकामी होत होती, रक्त वाढत नव्हतं. शेवटी एका फिजिशियननी साधा प्रश्न विचारला: "पोट बरं कधी असतं?" आबांच्या बायकोनं, वहिनींनी, उत्तर दिलं: "एकादशीला. आणि नवरात्रात नऊ दिवस."

उपवासाला काय खातात? वरई, साबुदाणा, शेंगदाणे, राजगिरा, बटाटा. काय खात नाहीत? गहू. एवढ्यावरून निदान होत नसतं, उपवासाला पोट हलकं वाटायला दहा कारणं असू शकतात. पण टीटीजी अँटीबॉडीची, म्हणजे सीलिॲक ओळखायची रक्ताची, तपासणी सुचायला एवढं पुरे झालं. अँटीबॉडी वरच्या मर्यादेच्या वीसपटीहून जास्त निघाली. एंडोस्कोपीत लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे तुकडे घेतले, अहवाल आला मार्श ३. म्हणजे अन्न शोषणारे आतड्याचे बारीक अंकुर झिजून गेलेले.

सीलिॲक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार. तो उत्तरेतल्या गव्हाच्या पट्ट्यातला, आपण भाकरी खाणारे लोक, आपल्याकडे कुठला, असा समज डॉक्टरांमध्येही आहे. पण सांगलीच्या घरात आता सकाळी पोळी, डब्यात पोळी आणि चहाबरोबर बिस्किट असतं. भाकरी उरली रात्रीपुरती.

आजाराचं नाव कळलं, गहू बंद झाला आणि सगळं सुधारायला लागलं. जुलाब दोन महिन्यांत थांबले. हिमोग्लोबिन वर्षात १२.९ झालं. वजन दर भेटीत वाढत गेलं: ५१, ५६, ६१. मी दर वेळी फाइलमध्ये "उत्तम" लिहीत होते. आबांच्या गल्लीत लोक म्हणायचे, अंगावर मांस आलं. तेच वाक्य मीही म्हटलेलं आहे, आणि ते तपासून न पाहता म्हटलेलं आहे.

अडचण

२०२३ च्या नोव्हेंबरात यार्डातल्या दुकानाच्या ओल्या पायरीवरून आबा घसरले. उंचावरून नाही, उभ्या उंचीवरून. डावा हात टेकला आणि मनगटाजवळचं हाड मोडलं. ४३ वर्षांच्या माणसाचं मनगट एवढ्याशा पडण्यात मोडत नसतं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, हाड विरळ दिसतंय, डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी, करून घ्या.

डेक्सा मिरजेत झाला. हाडांबरोबर सगळ्या शरीराचंही मोजमाप करून घ्या, असं मी चिठ्ठीवर लिहिलं होतं. त्याचे पैसे वेगळे पडतात आणि बहुतेक वेळा ते कुणी मागत नाही. अहवाल असा:

मणक्याचा झेड-स्कोअर उणे २.६, मांडीच्या हाडाच्या मानेचा उणे १.९. पन्नाशीच्या आतल्या पुरुषात टी-स्कोअर (तरुण माणसांशी तुलना) नव्हे तर झेड-स्कोअर बघायचा असतो, म्हणजे त्याच वयाच्या माणसांशी तुलना. उणे २ किंवा त्याखाली आलं की वयाच्या मानानं हाडाची घनता कमी.

वजन ६६ किलो. बीएमआय २३.४. त्यात चरबी ३१ टक्के, म्हणजे वीस किलोंहून जास्त. हातापायांचे स्नायू मिळून १८.६ किलो. उंचीच्या वर्गानं भागल्यावर ६.६. आशियाई तज्ज्ञगटानं २०१९ मध्ये पुरुषांसाठी डेक्सावर स्नायू कमी ठरवायची रेघ ७ ला आखली आहे. ती वयस्करांसाठी आहे, आबांना सरळ लावता येत नाही, पण त्रेचाळिशीत त्याच्याही खाली असणं हे काही ठीक लक्षण नव्हे. उजव्या हाताची पकड २४ किलो. ज्या माणसानं वीस वर्षं पोती हलवली, त्याची.

जुनी फाइल काढली. पहिल्या भेटीत कमरेचा घेर लिहिलेला होता, ६८ सेंटिमीटर. आता ८९. दंडाचा घेर २२.५ होता, आता २५. एकोणीस किलो वाढले, त्यातले दंडावर अडीच सेंटिमीटर आणि पोटावर एकवीस. हे दोन आकडे दर भेटीत घ्यायला अर्धा मिनिट लागतो. टेप माझ्या ड्रॉवरमध्येच होती.

सोनोग्राफीत यकृतावर चरबी, ट्रायग्लिसराइड २१२. आणि रक्तात: ड जीवनसत्त्व १३, पॅराथायरॉइड संप्रेरक ११८ (मर्यादा ६५), अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडात खनिज नीट भरलं जात नसलं की वाढणारं विकर) वाढलेलं, कॅल्शियम मर्यादेच्या काठावर. टीटीजी अँटीबॉडी पहिल्यापेक्षा खूप उतरलेली, तरी मर्यादेच्या तिप्पट. मागच्या दोन अहवालांत ती "कमी होतेय" म्हणून आम्ही सगळे समाधानी होतो. दोन वर्षं होत आली तरी ती शून्याकडे का जात नाही, हे कुणी विचारलं नव्हतं.

अहवाल आबांना समजावताना मी यार्डातल्याच भाषेत सांगितलं. कॅल्शियम जिथं सगळ्यात जोमानं शोषलं जातं तोच आतड्याचा भाग या आजारात सगळ्यात जास्त खराब होतो. खाल्लेलं आत जात नाही. पण रक्तातलं कॅल्शियम कमी पडून चालत नाही, हृदय आणि स्नायू त्यावर चालतात. मग पॅराथायरॉइड ग्रंथी हाडातून उचल घेते. सहा-सात वर्षं नुसती उचल चालली होती, भरणा नव्हता. आबांनी ऐकून घेतलं आणि चरबीच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"म्हंजे मॅडम, वजन भरलं खरं, पण माल ओला."

ओल्या हळकुंडाचं वजन जास्त भरतं, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

शोध: गिरणी, हिंग आणि बंद राहिलेलं दूध

औषध ठरवण्याआधी दोन वर्षं काय चाललं होतं ते बघायचं ठरलं. आबा म्हणत होते, गव्हाचा कण तोंडात जात नाही. ते खोटं बोलत नव्हते. म्हणून मी एका शनिवारी त्यांच्या गावी गेले.

घर एकत्र. वहिनी आणि त्यांच्या धाकट्या जाऊबाई, चूल एक, तवा एक, चाळण एक. तवा आणि पोळपाट वेगळे करणं सोपं होतं. खरी गोष्ट चौकातल्या गिरणीत होती. आमच्यापुढे एका बाईंचा दहा किलो गव्हाचा डबा होता. तो संपला, गिरणीवाल्यानं कापडी नळी दोनदा झटकली आणि लगेच वहिनींची शाळू ज्वारी वर ओतली. पहिलं पीठ उतरलं ते पिवळसर होतं. मग हळूहळू पांढरं. मी विचारलं तर तो सहज म्हणाला, "जात्यात राहतं की थोडं. ह्यांचं त्यांच्यात, त्यांचं ह्यांच्यात. कुणाचं काय जात नाही."

शंभर ग्रॅम कणकेत साधारण आठ ग्रॅम ग्लूटेन असतं. एक शीग भरलेला चहाचा चमचा, पाच ग्रॅम, म्हणजे चारशे मिलिग्रॅम. सीलिॲकच्या माणसाला रोजचे पन्नास मिलिग्रॅमही आतड्याला इजा करायला पुरतात. बाजारातल्या ग्लूटेनमुक्त मालाला एका किलोत २० मिलिग्रॅमची मर्यादा अन्न सुरक्षा प्राधिकरणानं घातली आहे. आबांच्या डब्यात प्रत्येक दळणाला किती चमचे येत होते, देव जाणे. भाकरी निर्धोक, हे मीच सांगितलं होतं. ज्वारी निर्धोक असते, भाकरीचा भरवसा तिच्या पिठावर.

दुसरी गोष्ट फोडणीच्या डब्यात. बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. रोज चिमूटभर. मात्रा गिरणीपुढे किरकोळ, पण रोजची.

तिसरी गोष्ट माझ्या आणि डॉक्टरांच्या मधल्या फटीत पडली होती. निदानाच्या वेळी आतडं इतकं खराब होतं की दूध पचेना, म्हणून "दूध बंद" असं चिठ्ठीवर लिहिलं गेलं. ते योग्यच होतं. अंकुर भरून आले की लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचवण्याची ताकद बहुधा परत येते, पण ती चिठ्ठी कुणी मागे घेतली नाही. घरी दोन म्हशी आणि आबा बावीस महिने कोरा चहा पीत होते. ड जीवनसत्त्वाचे आठ आठवडे सॅशे झाले आणि तेही तिथंच थांबले.

मग वजन कशानं वाढलं? भात, पोहे, साबुदाण्याची खिचडी, वेफर्स, भडंग, आणि पुण्याहून पुतण्या आणायचा ती ग्लूटेनमुक्त बिस्किटं: मैद्याऐवजी तांदळाचं आणि टॅपिओकाचं पीठ, वर साखर आणि तूप. प्रथिनं मोजली तर दिवसाला जेमतेम ४५ ग्रॅम. शिवाय "अशक्त माणूस" म्हणून दुकानदारानं त्यांना पोत्यांवरून उठवून चिठ्ठ्या लिहायला बसवलं होतं. घरी वहिनी घागरसुद्धा उचलू देत नसत. मायेपोटी.

पर्याय

फिजिशियन, हाडांचे डॉक्टर आणि मी, तिघांचं फोनवर आणि एकदा समोरासमोर बोलणं झालं. मतं एक नव्हती.

हाडांच्या डॉक्टरांचं म्हणणं: हाड मोडलं आहे, घनता कमी आहे, हाडांची झीज थांबवणाऱ्या झोलेड्रोनिक ॲसिडचं वर्षातून एकदाचं सलाईन लावून टाकू. त्यांचा मुद्दा चूक नव्हता, पुढचं हाड मणक्याचं मोडलं तर कोण जबाबदार? पण ड जीवनसत्त्व १३ असताना ते औषध दिलं तर हाडातून कॅल्शियम सुटणं एकदम थांबतं आणि रक्तातलं कॅल्शियम घसरू शकतं. शिवाय अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं होतं. म्हणजे हाड नुसतं विरळ नव्हे, त्यात खनिज भरलंच गेलेलं नाही, अशी दाट शंका होती. डेक्साला या दोन्हींतला फरक कळत नाही, तो दोन्हीला कमीच दाखवतो. ज्याला विटा कमी पडल्यात आणि ज्याला सिमेंट कमी पडलंय, त्यांची दुरुस्ती एक नसते.

फिजिशियननी आधी इतर कारणं बघितली. टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, रक्तातल्या प्रथिनांची तपासणी, सगळं ठीक. पुन्हा एंडोस्कोपी करायची का, यावर बराच वेळ गेला. गिरणीचं कारण समोर असताना आधी ते काढावं, सहा महिन्यांनी अँटीबॉडी बघावी, उतरली नाही तर एंडोस्कोपी, असं ठरलं.

गावातल्या डॉक्टरांनी मधेच आबांना सांगितलं होतं: यकृतावर चरबी आहे, कमी जेवा, दहा किलो उतरवा. हा सल्ला मला सगळ्यात धोक्याचा वाटला. नुसतं जेवण कमी करून वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायू आणि हाडही उतरतं, आणि आबांकडे उतरवायला ते नव्हतंच. मी आग्रह धरला की काटा जिथं आहे तिथंच राहू दे, आतला माल बदलू.

काय केलं

घरघंटी. सगळ्यांत आधी तीच. किंमत ऐकून आबांनी मान हलवली, त्यापेक्षा गिरणीत पहाटेचा पहिला नंबर लावतो म्हणाले. एक महिना तसं केलंही: जातं झाडून, पहिलं किलोभर पीठ म्हशींना. पण लाइट गेली की नंबर हुकायचा. शेवटी वहिनींनी बचत गटातून कर्ज काढलं. घरघंटीत फक्त ज्वारी, नाचणी आणि बाजरी दळायची, जाऊबाईंचा गहू पूर्वीसारखा गिरणीत.

ड जीवनसत्त्व डॉक्टरांनी बारा आठवडे आठवड्याला ६०,००० युनिट दिलं, मग महिन्याला एक, आणि या वेळी पातळी तपासत राहिले. कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर, लोहाची वेगळ्या वेळी. दूध एकदम नाही, आधी ताक, मग दही, मग अर्धा पेला, तीन आठवड्यांत पूर्ण पेला. काही झालं नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. अर्धा लिटर दूध-दह्यातून सहाशेच्या आसपास मिळालं, नाचणीची एक भाकरी आणि तिळाची चटणी यांनी भर घातली.

तंबाखूबद्दल बोलले तेव्हा आबा मिश्किल हसले. "चुन्यात कॅल्शियम असतंय की, मॅडम." असतं. पण गालात ठेवून थुंकायचा तो चुना, आणि तंबाखू हाडांचा वैरी. या एका बाबतीत मी हरले आहे, पुडी अर्धी झाली, सुटली नाही.

प्रथिनं ७५ ग्रॅमपर्यंत नेणं माळकरी माणसाच्या ताटात अवघड, अशक्य नाही. दोन्ही वेळा मटकी, मूग किंवा हुलग्याची उसळ किंवा घट्ट वरण, दूध-दही, मूठभर शेंगदाणे, आठवड्यातून चारदा सोयाबीनच्या वड्या. वड्यांच्या पाकिटावरचं लिखाण वहिनी आता माझ्याआधी वाचतात.

व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टनी प्लास्टर निघाल्यावर सहा आठवड्यांनी सुरुवात केली: खुर्चीतून हात न लावता उठबस, पायऱ्या, भिंतीला टेकून दंड. कमरेतून वाकून उचलणं पूर्ण बंद. वजनं विकत घ्यायला आबा तयार नव्हते. मग त्यांनीच युक्ती काढली, हळकुंडाच्या पिशव्या. दोन किलो, तीन किलो, पाच किलो, प्रत्येक पिशवी यार्डाच्या काट्यावर तोलून शिवलेली. तीन महिन्यांनी हात धरून बघितला तर बोटं अजून पिवळी होती आणि पकड २८ झालेली होती.

२०२४ च्या आषाढीला त्यांना माउलींच्या पालखीत चालायचं होतं. वारीत कोण काय वाढेल ते सांगता येत नाही आणि माळकऱ्यानं ताट नाकारणं जड जातं. लोणंद ते फलटण, तरडगावचा मुक्काम धरून, एवढंच चालायचं ठरलं. शिदोरी घरची: भाकरी, चटणी, राजगिऱ्याचे लाडू. शिऱ्याचा प्रसाद कपाळाला लावून शेजारच्याला दिला, असं त्यांनी परत आल्यावर आपणहून सांगितलं.

परिणाम

सहा महिन्यांनी अँटीबॉडी मर्यादेच्या किंचित वर, वर्षभरानं आत. एंडोस्कोपीची गरज पडली नाही. ड जीवनसत्त्व ३६, पॅराथायरॉइड ५४.

२०२५ च्या जानेवारीत त्याच मशीनवर पुन्हा डेक्सा केला. मशीन बदललं की आकड्यांची तुलना फसते, म्हणून मुद्दाम तेच. मणका उणे २.६ वरून उणे २.०, मांडी उणे १.७. वजन ६५, म्हणजे एकच किलो कमी. पण चरबी ३१ वरून २६ टक्के, हातापायांचे स्नायू १८.६ वरून १९.९ किलो, कंबर ८४, पकड ३१. काट्यावर काहीच घडलेलं नाही असं दिसलं असतं.

सलाईनचा निर्णय पुढे ढकलला आहे, रद्द केलेला नाही. हाडांच्या डॉक्टरांना अजून वाटतं की द्यायला हवं होतं. ट्रायग्लिसराइड १८० वर अडकलं आहे. फेब्रुवारीत हळदीचा हंगाम जोरात आला आणि दोन महिने पिशव्या कोपऱ्यात पडून होत्या.

पुन्हा वेळ आली तर

निदानाच्याच वेळी डेक्सा आणि पॅराथायरॉइड मागेन. ४७ किलोंचा माणूस, ड जीवनसत्त्व तळाला, वर्षानुवर्षांचे जुलाब: यापेक्षा जास्त कारण काय हवं? सुरुवातीचा आकडा नसल्यामुळे आज मला सांगता येत नाही की पहिल्या दोन वर्षांत हाड सावरत होतं की आणखी झिजत होतं. गहू बंद केल्यावर हाडाची भरपाई पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त होते, आणि आबांचं ते वर्ष गिरणीत गेलं.

"दूध बंद" लिहिताना पुढे तारीख लिहीन. किती दिवस, आणि कोण विचारणार.

वजनाच्या शेजारी कंबर, दंड आणि पकड हे तीन रकाने मी फाइलच्या छापील कागदावरच घालून घेतले आहेत. घरी जाणं दर रुग्णाला जमत नाही, पण दळण कुठं होतं, हा प्रश्न फोनवरही विचारता येतो. पहिल्या भेटीत विचारला असता तर बावीस महिने वाचले असते.

आणखी एक राहून गेलेलं. रुग्णाच्या आईवडील, भावंडं आणि मुलांमध्ये सीलिॲक निघण्याची शक्यता साधारण दहात एक असते, हे मी सांगितलं होतं, पाठपुरावा केला नव्हता. गेल्या महिन्यात आबांच्या दोन्ही मुलांची तपासणी झाली. मुलगा ठीक. नववीतल्या मुलीची अँटीबॉडी वाढलेली निघाली. त्रास काही नाही, फक्त वर्गात उंचीच्या रांगेत सगळ्यात पुढे उभी असते. तिची हाडं अजून भरायची आहेत, त्यामुळे घाई आहे. पण एंडोस्कोपीआधी गहू सोडला तर आतडं सुधारायला लागतं आणि निदान हुकतं. परीक्षा संपली की तपासणी. तोवर तिला रोज पोळी खायला सांगितली आहे. ती पोळी जाऊबाई वेगळ्या तव्यावर भाजतात आणि झाकलेल्या डब्यातून तिला अंगणात आणून देतात. ती तिथंच बसून खाते, हात धुते आणि मग घरात येते.